पोलादात कोरलेली विमानं

विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलचं किट हाती आलं की लोक आधी खोक्यावरचं चित्र बघतात. मी पंख उलटा करून आतली बाजू बघतो. वस्तू साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे कुठे पडलेत, जाड भागामागे पृष्ठभाग खचलाय का, कडेला जादा प्लॅस्टिक, म्हणजे फ्लॅश, किती आलाय, यावरून साच्याचं वय कळतं. नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये माझी सारी नोकरी झाली. स्विचबोर्डाची झाकणं, पंख्यांचे भाग, पेनांची टोपणं, असल्या वस्तूंचे साचे केले. त्यामुळे स्पिटफायर असो की मिग, माझ्या लेखी ती आधी इंजेक्शन मोल्डिंगची वस्तू. या छंदावर लिहिणारे बहुतेक जण लढायांवर लिहितात, वैमानिकांवर लिहितात. लिहोत बापडे. पण कुठलं विमान घरातल्या टेबलावर उतरलं आणि कुठलं उतरलंच नाही, हे वैमानिकांनी ठरवलं नाही. साचा कोणाच्या मालकीचा, कोणी कापला आणि कोणाला विकला, यावर ते ठरत गेलं.

सुरुवात लंडनची. १९३१ साली चार्ल्स आणि जॉन विल्मॉट हे भाऊ आणि जो मॅन्सोर यांनी ‘इंटरनॅशनल मॉडेल एअरक्राफ्ट’ नावाची कंपनी काढली. त्यांचं पहिलं गाजलेलं विमान रबराच्या पिळावर उडायचं. पीळ भरायचं यंत्र खोक्यातच बसवलेलं. ब्रँडचं नाव ‘फ्रॉग’. जमिनीवरून आपोआप उडतं, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. पुढे लाइन्स ब्रदर्स या बड्या खेळणी कंपनीचा त्यांना आधार मिळाला. १९३६ मध्ये फ्रॉगनं एक वेगळी मालिका बाजारात आणली: न उडणारी, नुसती जोडायची आणि मांडून ठेवायची विमानं. न उडणारा पक्षी म्हणून मालिकेचं नाव ‘पेंग्विन’. ग्लॉस्टर ग्लॅडिएटर, हॉकर फ्युरी आणि ब्लॅकबर्न शार्क ही पहिली तीन. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून हुबेहूब विमान करायचं, हा छंद इथून सुरू झाला.

प्लॅस्टिक मात्र आजचं नव्हे. पेंग्विन सेल्युलोज अ‍ॅसिटेटची होती. हा माल हवेतला ओलावा ओढतो आणि त्यातला मऊपणा आणणारा घटक वर्षानुवर्षं उडून जातो. आज कोणाकडे जुनं पेंग्विन शिल्लक असलं, तर त्याचे पंख वाकलेले असण्याचीच शक्यता जास्त. त्यात कारागिराचा काही दोष नाही, माल तसाच होता.

पेंग्विननं एक गोष्ट मात्र कायमची बसवून दिली, ती म्हणजे १:७२ हे प्रमाण. ब्रिटनमधल्या ‘स्कायबर्ड्स’च्या लाकडी मॉडेलांनी ते आधीच रुळवलं होतं. फूट आणि इंचाच्या हिशेबात सहा फूट म्हणजे एक इंच, म्हणून बहात्तर. सहा फुटी वैमानिक एका इंचाचा होतो आणि स्पिटफायरचे छत्तीस फूट दहा इंचांचे पंख साधारण सहा इंचांत मावतात. अमेरिकेत पाव इंचाला एक फूट धरत, त्यातून १:४८ आलं. बहुतेक जग मेट्रिक झालं तरी मॉडेलवाले अजून फूट-इंचातच अडकलेत. मिलिमीटरमध्ये जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला याचा राग यायला हवा. येत नाही, सवय झाली.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि छंदाला सरकारी काम मिळालं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे तोफेवरच्या माणसाला काही क्षणांत ओळखावं लागे. त्यासाठी लहान आकाराची नमुना विमानं हवी होती. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलानं शाळांकडे पाच लाख लाकडी विमानांची मागणी केली. पन्नास प्रकार, प्रत्येकाचे दहा हजार नग, सगळे १:७२ चे आणि सगळे काळ्या रंगाचे, म्हणजे नजर रंगावर न जाता फक्त आकारावर जाईल. पस्तीस फुटांवर टांगलेलं असं विमान साधारण अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. बहात्तरनं गुणून पाहा, हिशेब जमतो. पुढे शिकागोच्या क्रूव्हर कंपनीनं हीच ओळख-विमानं प्लॅस्टिकमध्ये ओतली. ब्रिटनमध्ये फ्रॉगकडेही अशीच कामं होती. युद्ध संपलं तेव्हा प्लॅस्टिकमध्ये विमान कसं ओतायचं हे ठाऊक असलेली माणसं, यंत्रं आणि विमानांच्या आकृत्या डोळे मिटून ओळखणारी पोरांची एक पिढी, असं सगळं तयार होतं.

एअरफिक्सची गोष्ट त्यानंतरची, आणि तीत विमान बरंच उशिरा येतं. निकोलस कोव्ह हा हंगेरीहून आलेला ज्यू निर्वासित. त्यानं १९३९ मध्ये लंडनला हवा भरायच्या रबरी खेळण्यांचा धंदा काढला. व्यापारी सूचीत नाव वर यावं म्हणून ‘ए’नं सुरू होणारं नाव घेतलं, असं सांगतात. रबर मिळेना, तेव्हा तो प्लॅस्टिककडे वळला. १९४७ च्या सुमारास कंपनी इंजेक्शन मोल्डिंगनं कंगवे काढायची आणि त्या धंद्यात तिनं ब्रिटनमध्ये वरचा नंबर गाठला होता. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टर कंपनीला विक्रेत्यांच्या हाती द्यायला छोटा ट्रॅक्टर हवा होता. तो एअरफिक्सनं केला, पण जोडणीची मजुरी परवडेना, म्हणून पुढे तो सुट्या भागांत विकायला काढला. माझ्या मते या छंदाच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो कोणा विमानवेड्यानं घेतलेला नाही. जोडणीचा खर्च गिऱ्हाइकावर ढकलायचा आणि त्याचे वर पैसे घ्यायचे! कारखानदारीत याहून हुशार डोकं मी पाहिलेलं नाही.

वूलवर्थच्या दुकानांसाठी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज आलं. पॉलिस्टायरीनचं, साध्या पिशवीत, वर घडी घातलेला कागद, किंमत दोन शिलिंग. त्यामागोमाग स्पिटफायर. अमेरिकेतल्या ऑरोराच्या मोठ्या मॉडेलवरून ते लहान केलं होतं असं जाणकार मानतात, आणि त्याच्या अंगावर ‘बीटीके’ अशी अक्षरं होती. आकार फारसा बरोबर नव्हता. पण पोराच्या खिशातल्या पैशांत येणारं ते विमान होतं.

हे साचे कसे कापत, ते सांगायला हवं, कारण मॉडेलवर जे दिसतं त्याचं कारण तिथे आहे. आधी विमानाचा नमुना दोनपट, तीनपट मोठा करायचा. मग पँटोग्राफवर बसायचं. एका टोकाची सुई नमुन्यावर फिरते, दुसऱ्या टोकाचं कटर पोलादात तोच आकार लहान करून कापतं. नमुना मोठा ठेवण्यात फायदा हा की हाताची चूकही त्याच प्रमाणात लहान होते. विमानाचं धड नेहमी डावं-उजवं असं दोन अर्धांत मिळतं, त्याचंही कारण साचाच. साचा दोन बाजूंना उघडतो. वस्तू सुटायची तर भिंतीला थोडा उतार, म्हणजे ड्राफ्ट, ठेवावाच लागतो, आणि आत वळणारा खड्डा सरळ साच्यात होत नाही. तोफेच्या नळीला पुढून भोक हवं असेल तर सरकणारा साइड कोअर घालायचा, म्हणजे खर्च वाढला. जुन्या मॉडेलांत नळ्या भरीव असतात त्या म्हणून. कंजूषपणा असेलच, पण तो हिशेबातला होता.

आता रिवेटांचं. जुन्या एअरफिक्सवर रिवेटांचे ठिपके आणि पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा वर आलेल्या असतात, नव्या मॉडेलांत त्या आत कोरलेल्या असतात. लोक म्हणतात, पूर्वीच्यांना कळत नव्हतं. तसं नव्हे. साच्यात रेष ओढायला अणकुचीदार हत्यार पुरे, आणि साच्यात खोल गेलेली रेष प्लॅस्टिकवर वर येते. प्लॅस्टिकवर खोल रेष हवी तर साच्यात तेवढीच बारीक रेष वर ठेवून आजूबाजूचं सगळं पोलाद काढून टाकावं लागतं. हातानं आणि पँटोग्राफनं ते कोण करणार? स्पार्क मशीन आल्यावर ते सोपं झालं: तांब्याच्या किंवा ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर रेष कोरायची, ठिणगीनं पोलाद खायचं, रेष साच्यात आपोआप उभी राहते. तरीही जुन्या रिवेटांचं समर्थन मी करणार नाही. पाव मिलिमीटरचा ठिपका खऱ्या विमानावर १८ मिलिमीटरचा होतो. स्पिटफायरचे पंख गुळगुळीत राहावेत म्हणून रिवेट पत्र्याच्या पातळीत बसवायची केवढी खटपट केली होती, आणि खेळण्यावर मात्र सुपाऱ्या उगवलेल्या.

जपानबद्दल थोडक्यात. शिझुओका हे लाकूडकामाचं गाव. तामिया लाकडाचा व्यापार करत होती, हासेगावा लाकडी मॉडेलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी परदेशी प्लॅस्टिक किटं आली आणि लाकडी मॉडेलांचा बाजार बसला. दोघांनीही साचे कापायला घेतले. तामियाचा पहिला प्लॅस्टिकचा प्रयत्न, १९६० चं ‘यामातो’ हे युद्धजहाज, फसला. सावरली ती रणगाड्यावर. त्यांची १:३५ ही मापपट्टीही आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात या गरजेतून आली. पुढे साच्याच्या अचूकपणात जपान्यांनी सगळ्यांना मागे टाकलं. त्यांच्या किटचे दोन भाग हातात घेऊन जुळवले की सांधा शोधावा लागतो. टूलरूमवाल्यानं दुसऱ्या टूलरूमवाल्याला यापेक्षा मोठी दाद काय द्यायची?

साचा विमानाच्याही पुढे धावल्याचं एक उदाहरण आहे. १९८६ मध्ये अमेरिकेच्या टेस्टर कंपनीनं ‘एफ-१९ स्टेल्थ’ नावाचं किट काढलं. जॉन अँड्र्यूज यांनी उपलब्ध माहिती आणि अंदाज जोडून गुप्त विमानाचा आकार कल्पिला होता, गोलसर, कडा वळवलेला. किट धडाक्यानं खपलं. जे विमान संसद सदस्यांना बघायला मिळत नाही ते पोरांना दुकानात मिळतं, यावर अमेरिकी काँग्रेसमध्ये प्रश्न आला. नोव्हेंबर १९८८ मध्ये खऱ्या एफ-११७ चा फोटो जाहीर झाला, तर ते सपाट पैलूंचं, हिऱ्यासारखं कापलेलं निघालं. एफ-१९ नावाचं विमान नव्हतंच. साचा मात्र होता, आणि साच्यानं आपला खर्च केव्हाच काढला होता.

आता फ्रॉगकडे परत. १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्स बुडाली. फ्रॉगचा धंदा नव्या मालकाकडे गेला, पण तिथेही तो फार तगला नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यात फ्रॉगचे साचे सोव्हिएत युनियनला द्यायचं ठरलं, आणि तिथून ‘नोवो’ या नावानं तीच विमानं बाहेर पडू लागली. एक अट मात्र होती. जर्मनी, जपान आणि इटलीची विमानं रशियनांना नको होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांची जी राखरांगोळी झाली ती पाहता कोणाला नवल वाटू नये. ते साचे जर्मनीतल्या रेव्हेलकडे गेले. म्हणजे एकाच टूलरूममध्ये शेजारी शेजारी कापलेले हरिकेन आणि मेसरश्मिट, पोलादाची फाळणी होऊन एक पूर्वेला गेलं, एक पश्चिमेला. रशियातल्या मॉडेल करणाऱ्यांची एक अख्खी पिढी त्यामुळे ब्रिटिश विमानांवर हात बसवत वाढली.

यातलं एक विमान माझ्याकडे आलं. ओझरच्या एचएएलमध्ये माझे एक स्नेही होते. मिगच्या प्रशिक्षणासाठी ते सोव्हिएत युनियनला जाऊन आले, आणि मला असल्या गोष्टींचं वेड आहे हे ठाऊक असल्यानं एक पिशवी घेऊन आले. ‘‘तुमच्यासाठी रशियन विमान आणलंय बरं का,’’ असं म्हणाले. उघडून धड जुळवून पाहिलं तर ते जेट होतं आणि शेपटाखाली चाक! जेटला शेपटीचं चाक क्वचितच असतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. ते सुपरमरीन अटॅकर होतं. हे विमान जगात दोघांनीच वापरलं, ब्रिटिश नौदलानं आणि पाकिस्तानी हवाई दलानं. लंडनमध्ये कापलेला साचा, सोव्हिएत युनियनमध्ये ओतलेलं प्लॅस्टिक, आणि पाकिस्तानचं विमान मिगच्या कारखान्यातल्या माणसानं प्रेमानं नाशिकला आणलेलं. मी त्यांना काही बोललो नाही, चहा दिला. सुटे भाग ज्या फांद्यांना चिकटून येतात त्यांच्यावरच्या पट्टीवर बोट फिरवलं. साच्यावर कोरलेलं जुनं नाव काढायचं तर ती जागा आणखी खोल खरवडावी लागते आणि वस्तूवर तिथे चपटा उंचवटा येतो. असले उंचवटे शोधत बसायची सवय अजून सुटलेली नाही.

एअरफिक्सच्या साच्यांनीही कमी वणवण केली नाही. १९८१ मध्ये कंपनी कोसळली, नव्या मालकानं साचे फ्रान्समध्ये कॅलेला नेले. १९८६ मध्ये ती रंगांच्या हम्ब्रॉलकडे गेली. २००६ मध्ये हम्ब्रॉलही बसली, तेव्हा एअरफिक्सचे साचे पुन्हा फ्रान्समध्येच, हेलर या किट कंपनीच्या ट्रुँ इथल्या कारखान्यात होते, आणि हेलरही अडचणीत. त्याच वर्षी आगगाड्यांच्या मॉडेलांची हॉर्नबी कंपनी पुढे आली. तिनं एअरफिक्स आणि हम्ब्रॉल मिळून २६ लाख पौंडांना घेतली. साचा हे मोठं विचित्र भांडवल आहे. कंपनी मरते, मालक मरतो, पोलादाला नीट तेल लावून ठेवलं तर ते पन्नास वर्षांनीही शॉट देतं.

हॉर्नबीनं मग नवे साचे करायला घेतले, संगणकावर आराखडे काढून. आणि २०११ च्या आसपासपासून एअरफिक्सच्या खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ असं छापून येऊ लागलं. ब्रिटनचं लाडकं स्पिटफायर भारतात ओतलं जाऊ लागलं. पहिल्यांदा ती अक्षरं वाचली तेव्हा मी खोकं दुकानदाराला परत न देता घेऊनच आलो. आतली बाजू पाहिली. पिनांचे ठसे न दिसणाऱ्या जागी, फ्लॅश नाही, रेषा मात्र किंचित खोल. रेषांचा दोष आराखड्यातला. ओतणारे हात आपले होते, आणि ते उत्तम होते.

म्हणजे ओतायचं आपल्याला जमतं, साचे कापायचं तर केव्हाचं जमतं. पण आपल्या विमानांचं काय? नॅटचं उदाहरण घ्या. १९६५ मध्ये पाकिस्तानी सेबर विमानं पाडणारं, १९७१ मध्ये श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी उडवलेलं नॅट एक-आसनी. ब्रिटनच्या हवाई दलानं एक-आसनी नॅट लढाऊ तुकड्यांत घेतलंच नाही. त्यांच्याकडे होतं ते दोन-आसनी प्रशिक्षण विमान, ज्यावर ‘रेड अ‍ॅरोज’ कसरती करत. साहजिकच एअरफिक्सनं दोन-आसनी कापलं, लाल रंगात विकलं, आणि पुन्हा पुन्हा विकलं. आपल्या मॉडेलवाल्यांना सेखोंचं विमान हवं असेल तर दुसरं आसन कापून, पुटी भरून, काच नव्याने ओढून करावं लागे. चेक कंपनीचा एक-आसनी साचा यायला कित्येक दशकं गेली. विक्रांतवरच्या सी हॉकचीही तीच कथा. एअरफिक्सनं ते काढलं होतं, पण ब्रिटिश नौदलाच्या चिन्हांसह. खरं विमान पाहायचं तर गोव्यात बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात उभं आहे, माप घ्यायला टेप घेऊन जा.

मिग-२१ ला साच्यांची ददात नाही. पन्नासच्या आसपास देशांनी वापरलेलं विमान, त्याला गिऱ्हाईक सगळीकडे. ओझरला बनलेलं टाइप ७७ म्हणा की शेवटचं बायसन, आधार घ्यायला चांगली किटं मिळतात. अडचण रंगांची आहे. १९७१ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा चकचकीत पत्र्याच्या विमानांवर तळांवरच घाईघाईनं हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले. जो रंग हाताशी होता तो वापरला, त्यामुळे दोन विमानं सारखी नाहीत. त्या विमानांचे कृष्णधवल फोटो थोडे आहेत, रंगीत त्याहून थोडे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगढला मिग-२१ निवृत्त झालं. ते ज्यांनी घडवलं, दुरुस्त केलं, रंगवलं त्यातले कितीतरी जण नाशिक, पुणे, ओझर टाउनशिपमध्ये अजून राहतात. त्यांच्या घरी अल्बम आहेत, सेवानिवृत्तीच्या समारंभाचे फोटो आहेत, मागे कुठेतरी विमान उभं आहे. घर आवरताना ते फोटो रद्दीत टाकू नका. मागच्या बाजूला पेन्सिलनं साल, तळाचं नाव आणि शेपटीवरचा क्रमांक लिहा, विमानाचा रंग आठवत असेल तर तोही, आणि कोणी मॉडेल करणारा दारात आला तर त्याला बघू द्या.